हाकेचा दगड

रायगडात गोड्या पाण्यात पोहायला चांगल्या जागा सांगा, असा धागा इथं दर पावसाळा संपला की निघतो आणि दरवेळी त्यात पहिली उडी माझी असते. हरिहरेश्वरला समुद्रात डुंबून अंग चिकट झालं की परतीच्या वाटेवर कुठल्या ओढ्याला वळायचं, कुठल्या धबधब्याखाली बाटल्यांच्या काचा नसतात, कुठल्या डोहाचा तळ भर दुपारी दिसतो... सगळं माझं इथं लिहून झालंय. एक जागा मात्र कधी सांगितली नाही आणि आजही तिचं नाव सांगणार नाही. ज्यांना कळेल त्यांनी कमेंटमध्ये लिहू नका, हात जोडून विनंती. हात जोडणं माझ्या स्वभावात नाही, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे.

दुसरं म्हणजे, अमानवीय धाग्यांवर मी आजवर फक्त टर उडवायला आलेय. मी रात्री नखं कापणारी बाई. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच शिव्या घालते. माझ्याकडून टोमणे खाल्लेल्या सगळ्यांनी आज हवं तेवढं हसून घ्या, तुमची पाळी आहे.

मी उरणला राहते, एका कंटेनर यार्डात डॉक्युमेंटेशन बघते. माहेर माणगाव तालुक्यात, हायवे सोडून बरंच आत, डोंगराच्या पायथ्याला. गावाच्या वरच्या अंगाला ओढा कातळावरून खाली पडतो आणि तिथं आमचा कोंड आहे. कोंड म्हणजे कातळात पडलेला खोल डोह. पाणी हिरवं, नितळ, मे महिन्यातही न आटणारं. वर जांभळीची सावली. एका बाजूला कातळ छपरासारखा पुढं आलेला आहे, त्याच्याखाली पोहत गेलं की आत ऊन पाण्यावरून उलटं उडून कातळाच्या पोटावर हलत असतं. माझा धाकटा भाऊ संदेश म्हणायचा, "ताई, तुझ्या उरणात असला एसी कुणाच्या घरात न्हाय."

पण त्या छपराखाली गेलेला माणूस काठावरून दिसत नाही. आणि तिथंच खाली एक कपार आहे, पाऊस चांगला झालेला असला की ती पाय ओढते. म्हणून गावाचा एक रिवाज आहे. काठावर एक सपाट दगड आहे, हाकेचा दगड. कोणीही पाण्यात उतरायचं तर एकानं त्या दगडावर बसायचं आणि आतल्या प्रत्येकाला नावानं हाक मारत राहायचं. आतल्यानं "ओ" द्यायची. ओ आली नाही की बाकीच्यांनी दोर घेऊन उडी मारायची. माणूस बाहेर आला की दगडावरच्यानं मोठ्यानं म्हणायचं — "आला, अमका वर आला." तेव्हाच त्याची हाक बंद. सगळे वर येईपर्यंत दगडावरचा माणूस उठत नाही, मग घरी आग लागलेली असो. आणि जो पाण्यात नाही त्याचं नाव तिथं घ्यायचं नाही. आम्ही पोरं खूप विचारायचो, घेतलं तर काय होतं? कोणी सांगायचं नाही. घ्यायचं नाही म्हणजे नाही.

चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, संदेश त्या कोंडात गेला.

त्यानं आणि गावातल्याच प्रवीणनं मिळून कोंडाच्या वरच्या माळावर कॅम्पिंग सुरू केलं होतं. प्रवीण म्हणजे आमच्या शेजारचा, संदेशच्या बरोबरीचा, माझ्या आईच्या हातचं खाऊन मोठा झालेला. त्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आधी दोघं पाण्यातला दोर तपासायला गेले. संदेश उतरला, प्रवीण दगडावर. पुढं काय झालं ते प्रवीणनं गावाला सांगितलं : "रात्रीची उतरली नव्हती त्याची. नको म्हटलं तरी उतरला. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, पण शुद्धीतच न्हवता."

कागदावर बुडून मृत्यू एवढंच लागलं. दारूचं गावानंच लावून घेतलं. आमचा बाप दारूनं गेला होता ना... "खाण तशी माती," झालं. अहो, माझा भाऊ बापाचं बघून लग्नाच्या वरातीतसुद्धा बाटलीच्या जवळ जायचा नाही! आईनं किती जणांना सांगितलं. लोक मान हलवायचे, आईची समजूत घातल्यासारखी. तेराव्याला पंगतीत माझ्या मागं कोणीतरी बोललं, बापाच्या वळणावर गेला पोरगा. वाढायची पळी हातात होती, ती मी कशी आवरली माझं मला माहीत.

त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. प्रवीणच्या तोंडून खरं काढायचं आणि मग त्याला पुन्हा कुठं तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही. सूड म्हणा. मी दुसरा शब्द शोधत बसणार नाही.

गेल्या नोव्हेंबरात ऑफिसमधली स्नेहा म्हणाली, कुठंतरी मस्त नॅचरल पूल दाखव ना. मी तिला प्रवीणच्याच कॅम्पचा नंबर दिला आणि बुकिंग तिच्या नावावर करायला लावलं. डोक्यात ठरलेलं होतं, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याची अब्रू काढायची. स्नेहाला मी यातलं काही बोलले नव्हते.

सकाळी दहा-अकराचं कोवळं ऊन होतं. कोंडावर प्रवीण उभा — गळ्यात शिट्टी, डोक्याला कॅप. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"ताई... तू? आधी सांगायचं तरी."

"का? दारू लपवली असतीस?" मी म्हटलं.

पाहुण्यांची आणखी एक फॅमिली काठावर पोहे खात बसली होती, म्हणून तो गप्प बसला. स्नेहा आणि मी पाण्यात उतरलो. चार वर्षांनी त्या पाण्यात पाय घातला. पाणी तसंच, लबाड, सुंदर. स्नेहा तर वेडी झाली होती, उताणी पडून जांभळीकडं बघत हसत होती. मी सरळ छपराखाली गेले. बाहेर शिट्टी वाजली. परत वाजली.

मी आतूनच ओरडले, "शिट्टी कसली वाजवतोस? दगडावर बस आणि नावानं हाक मार! रिवाज विसरलास?"

पाहुणे बघतायत म्हटल्यावर तो दगडावर बसला. "स्नेहा मॅडम!" स्नेहानं खिदळत "ओ" दिली. "ताई!" मी ओ दिली. मग मी बाहेर पोहत आले, त्याच्या समोर, पाण्यातच.

"अजून एक राहिला ना रे? त्याची हाक चुकली तुझी."

"ताई, असं करू नको. पाण्यात नसलेल्याचं..."

"घसा फुटेस्तोवर मारल्या होत्यास ना? मग माझ्यादेखत एक मार. कशी मारली होतीस ते ऐकू दे मला. का मारलीच नव्हतीस?"

पोहे खाणारी बाई थांबून बघायला लागली. प्रवीणच्या गळ्याची शीर ताठ झाली. मला झटकून टाकावं तशी त्यानं हाक मारली — "संद्याऽऽ!"

आणि छपराखालून उत्तर आलं.

"ओऽऽ... हाय रं."

संदेश असाच ओ द्यायचा. नुसती ओ नाही, मागं ते "हाय रं" लावायचा, जरा कंटाळल्यासारखं. आख्ख्या गावात दुसरं कोणी तसं करत नाही. माझ्या नाकातोंडात पाणी शिरलं. स्नेहा सहज म्हणाली, "अगं, आत अजून कोण आहे? मला दिसला नाही." तिला काहीही माहीत नव्हतं, हे लक्षात घ्या.

मी उलट फिरून आत गेले. बुडी मारली, कपारीपर्यंत चाचपलं. कोणी नव्हतं. मी स्वतः तिथं ओरडून बघितलं, प्रतिध्वनी असेल म्हणून. माझाच शब्द परत आला, माझ्याच आवाजात. बाहेर आले तेव्हा प्रवीण दगडावरून उठून पळाला होता. परत उठला दगडावरून, असं मनात आलं आणि का कोण जाणे, तेव्हाच मला खरं काय ते कळलं.

पंधरा-वीस दिवसांनी तो उरणला आला. यार्डच्या गेटबाहेर ट्रेलरच्या रांगेत उभा, दाढी वाढलेली. आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. आवाज इतका बारीक की मला पुढं वाकावं लागत होतं.

"ताई, मी कुणालापन हाक मारली की त्यो ओ देतो. बायकोला मारली तरी त्योच. माझी मनू तीन वर्षांची हाय, तिला हाक मारायची सोय न्हाय राहिली. मी टाळ्या वाजवतो तिच्यासाठी."

"बरं झालं," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. चहा इतका गोड मला कधी लागला नव्हता.

"खोटं वाटतं?" त्यानं मान वळवून टपरीवाल्याला हाक मारली, "मामा!"

टपरीच्या बाजूला पाण्याचा निळा ड्रम होता, वर फळी टाकलेली. त्यातून आलं — "ओऽऽ... हाय रं." हॉर्नच्या गोंगाटात, स्पष्ट. टपरीवाल्या मामांनी मागं वळून बघितलं, मग आमच्याकडं.

तिथंच त्यानं सगळं ओकलं. त्या सकाळी बुकिंगचा फोन यायचा होता. कोंडाजवळ रेंज नाही, वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर जावं लागतं. दोन मिनिटांत येतो म्हणून तो दगड सोडून गेला. परत आला तेव्हा पाणी शांत होतं. त्यानं एकही हाक मारली नव्हती. एकही नाही. मग गाव विचारणार, हाकेला कोण होता? म्हणून दारू.

"मी गावासमोर कबूल करतो, ताई. तू म्हणशील तिथं. पण हे थांबव."

चार वर्षं मी हेच मागत होते. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "नाही. एक शब्द बोलायचा नाहीस कुणाला." मला त्याला इतक्या स्वस्तात सोडायचं नव्हतं. जन्मभर टाळ्या वाजव पोरीसाठी. आणि दुसरंही होतं, लपवत नाही... माझ्या भावाचा आवाज मला चार वर्षांनी ऐकायला मिळत होता. प्रवीणनं कबूल केलं आणि तो थांबला तर? भावाचं नाव साफ व्हावं म्हणून तडफडणारी मी, आणि ते साफ व्हायच्या आड मीच उभी राहिले.

रविवारी मी प्रवीणला आईसमोर नेऊन उभा केला. आई पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती, शेजारी पाण्याचा हंडा. चार वर्षांत तिनं प्रवीणकडं मान वर करून बघितलं नव्हतं, तेव्हाही बघितलं नाही.

"मार हाक," मी त्याला म्हटलं.

त्यानं डोळे मिटून हाक मारली. हंड्यातून ओ आली.

आईच्या बोटांतला वाल तसाच राहिला. मला वाटलं होतं ती कोसळेल, रडेल, प्रवीणच्या झिंज्या धरेल. ती एकदम हळू बोलली, "कवापासून?" मी सगळं सांगितलं — दगड, फोन, दारूचं खोटं, सगळं. शेवटी म्हटलं, "आता ह्याला मी सोडणार नाही आई. दर रविवारी आणीन. तू पण ऐक रोज... म्हणजे दर रविवारी. आणि ह्याला असाच झिजू दे."

आई हंड्याकडं बघत होती.

"ओ देतोय म्हंजे अजून पाण्यातच हाय त्यो."

"ह्यानं कवा 'आला' म्हटलंच न्हाय. मंग त्यो वर येल कसा? दगडावरचा मानूस उठून गेला, त्यो आपला हाकंची वाट बघत बसला हाय आत." मग माझ्याकडं वळली. "तुला ह्याला छळायचाय, छळ. पन बाय, थंडीचा भिजत कोन बसलाय गो?"

मला आईचा राग आला. खरंच सांगते, त्या क्षणी प्रवीणपेक्षा जास्त आला. मी भांडले तिच्याशी, काय काय बोलले. तिनं परत वाल सोलायला घेतले. आई एकदा वाल सोलायला लागली की तिचं ठरलेलं असतं.

पुढच्या रविवारी सकाळी गाव कोंडावर जमलं. आईनं स्वतः घरोघर जाऊन सांगितलं होतं. तिच्या खांद्यावर संदेशचा जुना पंचा होता, धुऊन वाळवलेला. प्रवीण दगडापाशी उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. फोन, टेप, एकही हाक नाही, आणि संदेश प्यायलेला नव्हता. हे शेवटचं त्याला मी परत म्हणायला लावलं, मोठ्यानं. तेराव्याच्या पंगतीतले सगळे तिथं होते. एकाचीही नजर वर नव्हती.

मग आई म्हणाली, "बस."

तो दगडावर बसला. "संद्याऽऽ!"

ओ आली, छपराखालून. काही लोक मागं सरले. नंतर विचारलं तर निम्म्यांनी सांगितलं की आम्हाला काही ऐकू आलं नाही, पाण्याचाच आवाज होता. असेल. त्यानं परत हाक मारली. ओ जरा अलीकडून आली. परत मारली... आता आवाज काठाजवळ. मी प्रवीणच्या समोर उभी होते. त्याच्या गालाचं कातडं थरथरत होतं, नाकातून पाणी वाहत होतं, पुसायची शुद्ध नव्हती. मी ते बघत होते. चार वर्षं मला ज्या चेहऱ्याची भूक होती तो हाच होता आणि मला त्यातलं काहीएक सोडायचं नव्हतं.

माझ्या मागून आईचा आवाज आला, "आता म्हन."

"आला," प्रवीण म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "संद्या वर आला."

मग काही नाही. पाणी पडत होतं तेवढंच. मी वळले तेव्हा आई पाण्याच्या कडेला उभी होती आणि पंच्याची घडी घालत होती.

त्यानंतर प्रवीणला काही ऐकू आलेलं नाही. मनूला तो आता नावानं हाक मारतो. पण माळावरचा कॅम्प बंद आहे. गावात त्याला कोणी हाकेच्या दगडावर बसू देत नाही, आणि तो पाण्यात उतरला तर त्याच्यासाठी कोणी दगडावर बसत नाही. कोणी तसं ठरवलेलं नाही, आपोआप झालं. मला बरं वाटतं. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही, उपदेश करायला येऊ नका.

कोंडावर मी नंतर एकटी जाऊन आले. दगडावर बसून संदेशला हाक मारली. रिवाज मोडून, पुष्कळ वेळ. माझाच आवाज परत आला. हे सगळं काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. स्नेहा अजून म्हणते की आत कोणीतरी पोहत होतं, नक्की. ज्यांना याचं शास्त्र माहीत असेल त्यांनी सांगावं, मी भांडणार नाही, पहिल्यांदाच.

एकच गोष्ट लिहायची राहिली. त्या दिवशी घरी येऊन आईनं तो पंचा पिळला आणि दोरीवर टाकला. खाली अंगणात पाण्याची धार लागली होती. तिनं तो स्वतः कोंडात बुडवला असेल, मला माहीत नाही, माझी पाठ होती तिच्याकडं. आई पंच्याची टोकं सरळ करत मला म्हणाली, "किती बारीक झालाय गो त्यो. बघितलास ना?"

मी तेव्हा प्रवीणच्या तोंडाकडं बघत होते.

आईला म्हटलं, "हो. बघितला."